चुलीवरची जुडी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या डोंगराकडचं हे घर. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, नाचणीच्या कणसांची जुडी टांगली आहे. आज्जी ती खाली काढतात. एक कणीस तळहातावर चोळतात, फुंकर मारतात. मोहरीसारखे बारीक, तांबूस दाणे हातात उरतात. "ह्यो इकायचा न्हाई," आज्जी सांगतात. "ह्यो पेरायचा."

धुरामुळे या बियाण्याला कीड लागत नाही.

कोल्हापूर म्हटलं की डोळ्यांपुढे ऊसच येतो. त्यात चूक काही नाही. उसाच्या बिलावर इथल्या कित्येक मुलामुलींची शिक्षणं झाली. पण पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, आणि तोवर खायचं धान्य दुकानातून येतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठचा ऊस पाण्याखाली कुजला. ज्यांचं सगळं रान उसाखाली होतं, त्यांच्या हाती खायलाही काही उरलं नाही.

दोन एकरवाल्याला ऊस मोडा म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. त्यापेक्षा उसाच्या लागणीच्या सरीत भुईमूग टोका, बांधावर तूर लावा, परड्यात घेवडा चढवा, माळाचा तुकडा नाचणीला ठेवा. एक पीक बुडालं तरी दुसरं ताटात येतं.

भाताचंही तसंच. आजरा घनसाळ या इथल्या सुवासिक भाताला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उतारा कमी, रोप उंच, वाऱ्यात लोळणारं. पण हा भात शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. काळा जिरगाही याच मातीतला. या वाणांचं बी घरचं ठेवता येतं, दरवर्षी दुकानात जावं लागत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्कही शेतकऱ्याला दिला आहे.

मग ही धान्यं मागे का पडली? वरीचंच बघा. नाचणी थेट दळता येते, वरीला आधी कांडावं लागतं. उखळात तासभर घाम गाळावा तेव्हा कुठं एका वेळचा भात. हे काम बाईच्याच वाट्याला आलं, आणि बाई थकली तशी वरी रानातून गेली. गावात कांडपाचं एक छोटं यंत्र आलं, तर ती परत येऊ शकते. मदत करायची तर इथून करावी.

आज्जींनी सुपातली ओंजळ शेजारच्या सुनेच्या पदरात ओतली. वजन नाही, पैसे नाहीत.

"सुगीला दोन वंजळी आणून दे गं."