हळकुंडाची शेपूट

(पडद्यावर: सराफाकडं असतो तसा छोटा डिजिटल काटा. काट्यावर प्लास्टिकचा डबा, डब्यात पिवळाधमक, काळ्या ठिपक्यांचा लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पालीची एक जात.)

५१ ग्रॅम. डिसेंबरात हाच काटा ६२ दाखवत होता.

ह्याचं नाव हळकुंड. घर सांगलीत, आणि आणला तेव्हा शेपूट अशी टपोरी, पेरापेरांची, की दुसरं नाव सुचलंच नाही. उंटाची मदार तशी गेकोची शेपूट. चरबीचा साठा तिथं. म्हणून दुखणं पोटाचं असलं तरी दिसतं ते शेपटीत. पण रोज बघणाऱ्याला ती बारीक झालेली कळत नाही. काट्याला कळते.

"पालीचं कसलं वजन करतोस रे?" म्हणणारी आई आता दर रविवारी स्वतः वही घेऊन बसते.

(जवळून: टिश्यू पेपरवर विष्ठा.)

जेवताना बघत असाल तर माफ करा, पण हे बघावंच लागतं. निरोगी गेकोची शी म्हणजे तपकिरी, घट्ट लेंडी आणि शेजारी पांढरा खडा. तो खडा म्हणजे त्याची लघवी, युरिक आम्लाची. आमच्याकडं त्या सकाळी होता पातळ, उग्र वासाचा थर, आणि त्यात रातकिड्याचा अख्खा पाय. न पचलेला.

(काचेची पेटी. तळाशी हीट मॅटची, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईची वायर.)

हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. तापलेल्या दगडावर पोट टेकवायचं आणि खाल्लेलं पचवायचं, हा त्याचा शिरस्ता. पेटीच्या उबदार कोपऱ्यात ३२ अंशांच्या आसपास लागतात. मी मोजले तर निघाले २४. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा सेन्सर घसरून थेट मॅटला चिकटला होता. मॅट जरा तापली की थर्मोस्टॅट बंद. वरची फरशी गारच. बाहेर जानेवारीतली थंडी. चूक माझीच, महिनाभर हात लावून बघितलं नव्हतं.

सल्ले भरपूर आले. हळदीच्या गावात पहिला सल्ला कुठला, ते सांगायला नको. दुसऱ्यानं कुत्र्याचं जंताचं औषध "थेंबभर" द्यायला सांगितलं. ५१ ग्रॅमच्या जिवाला थेंब म्हणजे किती? पी हळद अन् हो गोरी, असलं इथं चालत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "नमुना आणलाय का? ताजा?" आणला होता, झाकणाच्या डबीत. सूक्ष्मदर्शकाखाली पिनवर्मची, म्हणजे आतड्यातल्या बारीक जंतांची अंडी दिसली. थोडे पिनवर्म धडधाकट गेकोतही सापडतात. इथं ते बोकाळले होते. वजनावरून फेनबेंडाझोल ह्या जंतांच्या औषधाचा डोस ठरला.

खरी धास्ती वेगळीच होती. क्रिप्टोस्पोरिडियम. आतड्याच्या अस्तरात ठाण मांडणारा हा परजीवी शेपटीची अक्षरशः काडी करतो. तो रोज विष्ठेत उतरत नाही, म्हणून एक तपासणी कोरी आली म्हणजे सुटलो असं नाही. नमुने पुन्हा पुन्हा द्यायचे, जमल्यास पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी करायची. पॅरोमोमायसिननं तो दबतो, पण मुळासकट जाईल असं औषध नाही. ब्लीचनंही त्याच्या बीजकोशांचं फारसं बिघडत नाही. म्हणून चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आणि दुसऱ्या गेकोचं सगळं आवरून मगच हळकुंडाकडं. वाळू काढली, टिश्यू पेपर अंथरला. वाळू तशीही नकोच. पोटात जाऊन आतडं तुंबवते.

"आधी ऊब, मग पाणी, मग खाणं," डॉक्टर म्हणाले. "गार पोटात ढकललेला किडा आतच कुजतो."

(उथळ ताटलीत कोमट पाणी. हळकुंड डोळे मिटून बसलेला. ह्याला पापण्या असतात, घरातल्या पालीला नसतात.)

सेन्सर फरशीवर टेपनं पक्का केला. नवव्या दिवशी चिमट्यातला रातकिडा पुढं धरला. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान, मुद्दाम निवडलेला. शेपटीचं टोक थरथरलं. झडप. मग दुसरा.

मी फोन उचलला, सगळ्यांना सांगायला. आई वही घेऊन उभी.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊ नकोस. काट्यावर ठेव आधी."

(वहीचं पान: ५१. ५१. ५३.)

उद्या सकाळी तिसरा नमुना द्यायचाय.