जहाजाच्या डोक्यावर फिरणारी ती पट्टी

कुठलंही मोठं जहाज बघा, ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या वर, मास्टवर (उंच खांबावर) एक आडवी पट्टी फिरत असते. गरगर वगैरे नाही हां, तशी निवांतच, मिनिटाला साधारण 24 फेरे, म्हणजे अडीच सेकंदाला एक. लांबून पंख्याचं पातं वाटतं. रडार आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण ती टीव्हीच्या डिशसारखी गोल का नाही, अशी लांबुडकी पट्टीच का, हे सहसा कोणी विचारत नाही. खरी मजा तर तिथेच आहे.

आधी मूळ काम पटकन सांगतो. रडार रेडिओ लहरींचा एक छोटासा ठोका सोडतं, त्याला पल्स म्हणतात, ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येते आणि किती वेळात आली त्यावरून अंतर कळतं. एक सागरी मैल जाऊन परत यायला 12.35 मायक्रोसेकंद लागतात. बस, अंतराचा हिशोब संपला.

दिशेचं काय? तर पल्स परत आली तेव्हा पट्टीचं तोंड जिकडे होतं तीच दिशा. आता तुम्ही म्हणाल, अहो पण पट्टी तर फिरतेय, पल्स जाऊन येईपर्यंत तोंड दुसरीकडे नाही का वळणार? वळतं ना. पण किती ते बघा. 12 सागरी मैलांवरचं जहाज घ्या, जाऊन-येऊन सुमारे 148 मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात पट्टी फिरते जेमतेम अंशाचा पन्नासावा भाग. म्हणजे आपल्याला ती फिरताना दिसते पण लहरींच्या दृष्टीने ती जागच्या जागी थिजलेली आहे.

आता त्या लांबीकडे या. इथे डोकं जरा उलटं चालवावं लागतं, कारण आपल्याला वाटतं की लांब पट्टीतून लहरींचा झोत पण लांब-रुंद पडेल. होतं बरोब्बर उलटं. पट्टी जितकी लांब तितका झोत आडवा अरुंद. 4 फुटी पट्टीचा झोत साधारण 2 अंशांचा, 8 फुटीचा साधारण 1 अंशाचा. आणि 2 अंश म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण 6 मैलांवर तोच झोत जवळजवळ 400 मीटर रुंद झालेला असतो, तिथे दोन बोटी शेजारी-शेजारी असल्या तर स्क्रीनवर एकच ठिपका, लांबट. 8 फुटी पट्टी लावा, त्याच दोन बोटी सुट्ट्या दिसायला लागतात. म्हणून मोठ्या जहाजावर मोठी पट्टी, रुबाबासाठी नाही.

उंचीला मात्र पट्टी मुद्दाम बुटकी ठेवतात. त्याच नियमाने उभा झोत पसरट होतो, 20-25 अंशांचा. तो तसाच हवा असतो, कारण जहाज डोलतं, आणि झोत वरून-खालूनही अरुंद असता तर एका हेलकाव्याला तो आभाळात आणि दुसऱ्याला पाण्यात गेला असता. गोल डिश इथे नापास होते ती ह्यामुळेच.

आता पट्टी उघडून बघू. वरचं कव्हर काढलं की आत काय, तर एक चौकोनी धातूची नळी, वेव्हगाईड, म्हणजे लहरी वाहून नेणारी नळी. इंचभर रुंद, अर्धा इंच जाड. हिच्या कडेला खाचा कापलेल्या, दर सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास एक. आणि नीट बघा, एक खाच डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे, परत डावीकडे, अशी शेवटपर्यंत. कारागिराचा हात हललेला नाही तो. नळीतून जाणारी लहर दर खाचेला उलटी झालेली असते, मग खाचही उलटी कलवली की प्रत्येक खाचेतून बाहेर निघणाऱ्या लहरीचा आडवा भाग एकमेकांना जोर देतो आणि उभा भाग आपोआप रद्द होतो. 8 फुटी पट्टीत अशा शंभराच्या वर खाचा, सगळ्या एका सुरात. मला विचाराल तर अख्ख्या रडारमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि ती कव्हरखाली झाकलेली.

हे सगळं एवढ्या लहान मापात बसलं कारण लहर लहान आहे, 3 सेंटिमीटरची. जर्मनीत ख्रिश्चन हुल्समायरने 1904 मध्येच रेडिओ लहरींनी जहाज ओळखून घंटी वाजवून दाखवली होती, पण खरी वाट मोकळी झाली 1940 मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारी खास नळी, चालवून दाखवला तेव्हा. सेंटिमीटरच्या लहरी, त्याही दणदणीत ताकदीच्या. दीड मीटरच्या लहरींवर 2 अंशांचा झोत हवा असता तर पट्टी पन्नास-साठ मीटर लांब लागली असती, आता ती फिरवा मास्टवर!

बरं, एक अडचण राहिलीच. पट्टी फिरते, नळी खालून येते, मग पीळ कसा पडत नाही? मध्ये रोटरी जॉइंट असतो. त्या सांध्यात लहर अशा रूपात आणतात की ती मधल्या अक्षाभोवती चहूबाजूंनी सारखीच असते, त्यामुळे वरचा भाग कितीही फिरला तरी तिला फरक पडत नाही. आणि पट्टी जहाजाच्या नाकासमोरून गेली की एक सेन्सर खूण देतो, स्क्रीनवरची ती सरळ रेघ त्यातूनच येते. हा सेन्सर थोडा जरी सरकलेला असला तर अख्खं चित्रच फिरतं, समोरची बोट बाजूला दिसते.

पाऊस आला की 3 सेंटिमीटरची लहर थेंबांत अडकते, म्हणून मोठ्या जहाजांवर दुसरं 10 सेंटिमीटरवालं रडार पण असतं, त्याची पट्टी 12 फुटांपर्यंत, तरी झोत पहिल्यापेक्षा जाडच.

देखभाल म्हणाल तर पट्टीच्या तोंडावरची काजळी आणि मीठ पुसायचं, आणि रंग अजिबात मारायचा नाही. मास्ट रंगवता रंगवता पट्टीवरही हात फिरवायचा मोह होतो आणि मग खाली बसलेला माणूस ठिपके फिके का झाले म्हणून नॉब फिरवत बसतो. वर चढण्याआधी रडार बंद, स्विचवर पाटी. लहरींचा धोका आहेच, पण 8 फुटी पट्टीचं टोक सेकंदाला 3 मीटर वेगाने येतं, धडकलं तर तोल गेलाच.

आता रात्र, लाटा, आणि ब्रिजवर स्क्रीन. समोर कुठेतरी एक छोटी लाकडी होडी. झोत तिच्यावरून जातो तो फक्त 7 मिलिसेकंद, सेकंदाला हजार पल्स धरल्या तर तिच्या वाट्याला सातच येतात, त्यातल्या काही लाटेच्या आड. एक ठिपका उमटतो. अडीच सेकंद. पुढच्या फेरीत नाही. त्याच्या पुढच्या फेरीतही नाही. ड्युटीवरचा अधिकारी दुर्बीण उचलतो पण नजर स्क्रीनवरच, पट्टी फिरून यायची वाट बघत.