ऊन आधी, पाणी मागाहून

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘बर्ड ऑफ पॅराडाइजची घरातली निगा’. निगेवर येतेच. पण आधी एक आठ वर्षांची गोष्ट सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी निदान चौघींच्या घरी ती आत्ताही चालू असणार.

राजारामपुरीतल्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा हॉलला दक्षिणेची मोठी खिडकी मिळाली. मी हौसेनं एका नर्सरीत गेले आणि केशरी-निळ्या फुलाचं रोप मागितलं. त्यांनी गुडघ्याएवढं रोप दिलं, म्हणाले, “पुढच्या दिवाळीला फूल बघा.” दिवाळी आली, गेली. पुढचीही गेली. चौथ्या वर्षी पान छताला टेकलं. सासूबाई येता-जाता विचारायच्या, “अगं, ही केळ घड कधी धरणार?” मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, कुंडी मोठी केली. खाली बुंधा धरू लागला, त्यावर जुन्या पानांच्या गोल खुणा. तरी फूल नाही ते नाहीच.

तो बुंधाच सगळं सांगत होता! केशरी फुलाच्या जातीला, म्हणजे स्ट्रेलिट्झिया रेजिनीला, बुंधा येत नाही. तिची पानं थेट मातीतून, वल्ह्यासारखी, लांब ताठ देठांवर उभी राहतात, आणि झाड साधारण कमरे-छातीएवढं होतं. माझ्याकडे होती स्ट्रेलिट्झिया निकोलाय. पांढऱ्या फुलाची, तिच्या मुलखात दुमजली घराएवढी वाढणारी. घरात तिला फूल क्वचितच येतं. बाजारात दोन्ही एकाच नावानं विकतात, आणि लहान रोपात फरक ओळखणंही अवघड. मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ‘माझ्या हाताला फूलच नाही’ असं म्हणत कुंडी कोपऱ्यात सारणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अहो, हात चांगलाच असतो, झाड दुसरं असतं. म्हणून रोप घेताना शक्यतो फुलावर आलेलं घ्या, किंवा ज्यांच्याकडे फुललंय त्यांच्याकडून गड्डा फोडून घ्या. फोडलेला गड्डा स्थिरावून फुलायला दोनेक वर्षं घेतो. बी लावलंत तर तीन ते पाच.

नावाचंही सांगते, मला त्याची फार गोडी आहे. हे झाड 1773 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून लंडनजवळच्या क्यू बागेत पोहोचलं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी तिथल्या राणी शार्लटच्या माहेरावरून, मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झवरून, त्याचं नाव ठेवलं. ‘रेजिनी’ म्हणजे राणीचं. राणीचं माहेर झाडाच्या नावात जपलं गेलं, हे मला फार आवडतं. बाकी गोतावळा आपल्या ओळखीचा आहे. केळ, कर्दळ, हळद, आलं हे सगळे एकाच गणातले.

आणि ते फूल! आधी आडवी हिरवी चोच येते, कडेला लालसर, टोकाला चिकट मधाचा थेंब. मग चोच वरून उकलते आणि केशरी तुरा उभा राहतो. मधोमध निळा बाण. त्या बाणावर पक्षी बसला की त्याच्या भारानं खाच उघडते आणि पराग पायांना लागतो. एकाच चोचीतून अशी फुलं एकामागून एक निघतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर निगा.

सगळ्यात आधी ऊन. हॉलमधला टीव्हीशेजारचा कोपरा म्हणजे या झाडाचा तुरुंग. खिडकीला लागून, रोज पाच-सहा तास ऊन मिळेल असं ठेवा. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी उत्तम. पण अंधारातलं झाड एकदम उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं सरकवा.

मग पाणी. आपण कोल्हापूरची माणसं, पाटानं पाणी सोडल्याशिवाय पाजल्यासारखं वाटत नाही. उसाचा हिशोब इथे लावू नका. याची मुळं बोटाएवढी जाड, मांसल असतात, साचलेल्या पाण्यात कुजतात. माती दोन पेरं खोल बोट घालून बघा, कोरडी लागली तरच पाणी द्या. दिलंत की खालून निथळेपर्यंत द्या, आणि ताटलीतलं ओतून टाका. आपल्या पावसाळ्यात दहा-दहा दिवस पाणी लागत नाही.

नदीकाठची काळी माती कुंडीत नको, पाणी धरून बसते. लाल माती, जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत चालेल. कुंडी जराशी तंग असू द्या, मुळं दाटली की फूल धरतं. माझी मोठी कुंडीची हौस तिथेही आडवी आली असती. मुळं भोकातून डोकावली की मगच बदला. पातळ केलेलं खत मार्चपासून दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा, थंडीत बंद.

पान चिरलं तर घाबरू नका, केळीसारखं ते चिरतंच. टोकं करपली तर पाण्यातले क्षार किंवा खताचा अतिरेक समजा. देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसा, मग साबण घालून कडुनिंबाचं तेल फवारा. पानांवरची धूळ आठवड्याला पुसत राहा.

माझ्या दुसऱ्या, केशरी फुलाच्या झाडाची कुंडी मी बाहेर व्हरांड्यात आणून ठेवली आहे, काल दुसरं फूल वर आलंय. जाताना निळ्या बाणावर अलगद बोट टेकवा आणि बोट बघा, पराग लागलेला असेल.