करवंदाची जाळी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी! मे महिना सरत आलाय आणि मी उभा आहे कन्नडजवळच्या डोंगरात. मागं बघा, साग, सालई, सगळे उघडेबोडके. त्यात ही एकच जाळी हिरवीगार दिसतेय ना, ती करवंदाची. भर उन्हाळ्यातही हिचं पान टिकून राहतं, म्हणून लांबूनच नजरेत भरते.

पण हिरवी जाळी आणि काळं फळ दिसलं की लगेच तोंडात टाकायचं नाही. लेकरांना तर हे आधी शिकवा. फळ सगळ्यात शेवटी बघायचं, आधी काटा.

(कॅमेरा फांदीजवळ) ही दोन पानं बघा, अगदी समोरासमोर. तिथंच काट्यांची जोडी. सरळ, टणक काटे, काही टोकाशी दुभंगलेले. पान जाडसर, वरून चकचकीत. आता देठ मोडतो... आला बघा पांढरा चीक, बोटं चिकटायला लागली. पण थांबा, चीक कण्हेरीलाही असतो. दोघी एकाच कुळातल्या आणि कण्हेर चांगलीच विषारी! तिची पानं लांब, अरुंद, आणि काटे अजिबात नाहीत. म्हणून चीक आणि काट्यांची जोडी, दोन्ही जुळलंच पाहिजे.

लेकरांचा खरा घोटाळा होतो घाणेरीपाशी. तिचीही काळी फळं, तीही डोंगरभर. तिचं पान खरखरीत, चुरगाळलं की उग्र वास. खोड चौकोनी, त्यावर बारीक आकडेदार काटे. चीक नाही. फळं बारीक, एका घोसात दाटलेली. हिरवी फळं तर विषारीच, हात लावू नका.

आता करवंद फोडूया. आत गर, चपट्या बिया. हा गर लाल निघाला, म्हणजे कोंबडा! पांढरा निघाला असता तर कोंबडी. आमच्याकडं लेकरं खायच्या आधी हाच खेळ खेळतात.

कच्ची हिरवी करवंदं लोणच्याला घ्या, चीक धुऊन. पिकलेली मऊ, जांभळी-काळी झालेली तोडा आणि त्याच दिवशी संपवा, नाहीतर पाणी सुटतं. तोडताना फांद्या ओरबाडू नका, पाखरांचंही पोट यावरच आहे. आणि पलीकडं गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथली जाळी फक्त बघायची, फोटो काढायचा. करवंदं तोडायची ती अभयारण्याबाहेरच्या जाळीची, आणि कुणाच्या बांधावर असेल तर आधी मालकाला विचारून.