काका, पुढचा आला का?

तीन पेट्रोल पंपाच्या चौकापासून ट्रॅफिक तुंबलाय, वर पाऊस, तरी गोष्टींच्या पुढच्या भागांवरचं माझं बोलणं ऐकायला एवढी माणसं आलीत. बरं वाटलं.

इथे ठाण्यात, नौपाड्यात माझं छोटंसं वाचनालय होतं. पहिला भाग नेणारा वाचक पुस्तक चाळतो, मलपृष्ठ वाचतो, डिपॉझिटवरून घासाघीस करतो. पुढचा भाग हवा असलेला चप्पलही काढत नाही. दारातूनच विचारतो, "काका, पुढचा आला का?"

हा 'पुढचा' तयार कसा होतो, हे आपल्या वेताळाला फार पूर्वी कळलं होतं. राजाला उत्तर येतं, तो तोंड उघडतो आणि वेताळ परत झाडावर. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तिथे मालिका संपते.

भुताखेतांच्या, व्हॅम्पायरच्या प्रेमकथांची अडचण वेगळी. शेवटी दोघं एकत्र येणार, हे वाचकाला दिलेलं वचन. ते पाळलं की पुढच्या भागाला खायला काही उरत नाही. जे. आर. वॉर्ड या लेखिकेने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'ब्लॅक डॅगर ब्रदरहुड' मालिकेत यावर तोडगा आहे : व्हॅम्पायर योद्ध्यांची एक टोळी, आणि बहुतेक पुस्तकांत त्यातल्या नव्या गड्याचं जमवायचं. आधीची जोडपी मागे सुखाने वावरत असतात. थोरल्याचं झालं, आता मधल्याचं बघा. आपल्या एकत्र कुटुंबात दुसरं काय चालायचं?

दुसरी वाट ताटातुटीची. 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर-प्रेमकथेचा दुसरा भाग 'न्यू मून', २००६ चा. नायक सुरुवातीलाच निघून जातो, आणि मग काही पानांवर नुसती महिन्यांची नावं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरं. एक कॉलेजची मुलगी ते पुस्तक तावातावाने परत घेऊन आली : "काका, पानं छापलेलीच नाहीत, बदलून द्या." मी म्हटलं, बाळ, तीच छापलेली आहेत. तिने काउंटरवर उभ्याउभ्याच पुन्हा उलटून पाहिली आणि पुस्तक पिशवीत टाकलं. दुसऱ्या भागाची त्याहून चांगली पानं मला माहीत नाहीत, आणि त्यांवर एकेकच शब्द आहे.

सुपरहिरोंकडे तर शेवटालाच बंदी. सुपरमॅन १९३८ चा, वय वाढत नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात त्याला मारलं, पुढच्या वर्षी परत आणलं. त्याचं मला काही नाही. मेलेला परत येणं आपल्या पुराणांनाही चालतं. माझी तक्रार स्पायडरमॅनची आहे. १९८७ मध्ये त्याचं लग्न लावलं. २००७ मध्ये काकूचा जीव वाचवायला त्याने सैतानाशी सौदा केला, आणि किंमत काय, तर ते लग्न. झालंच नव्हतं म्हणे! वीस वर्षं त्या घरात आपणही राहत होतो की. लेखकाने वाचकाच्या खात्यातली जमा परस्पर खोडली.

याउलट बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा पोरसवदा साथीदार, जेसन टॉड. १९८८ मध्ये तो जगावा की मरावा, यावर वाचकांनी फोन करून मतं दिली. मरावा ५३४३, जगावा ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा फेरमोजणी मागतात! २००५ मध्ये तो परतला, पण मरण पुसून नाही. संतापून परतला आणि बॅटमॅनलाच जाब विचारला : मला मारणारा अजून जिवंत कसा? याला मी पुढचा भाग म्हणतो. मागची उधारी वहीत आहे आणि ती कोणीतरी मागतंय.

वाचनालय बंद करताना रद्दीवाल्यासाठी गठ्ठे बांधत होतो. सुपरमॅनच्या मरणाचा अंक हाती आला. शेवटच्या पानावर कुणा पोराने पेन्सिलीने लिहिलं होतं, "रडू नको, परत येतो." खाली दुसऱ्याच अक्षरात, "कुठल्या अंकात? काकांकडे नाहीये."

खरंच नव्हता.