खोडदच्या तबकड्यांना काय दिसतं

पाऊस सरला की नाशिकच्या आकाशात संध्याकाळीच हंस तारकासमूह उंच आलेला असतो. त्याच दिशेला, पण त्या ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे, सिग्नस ए ही दीर्घिका आहे. गंगापूर धरणाच्या काठी छोटी दुर्बीण लावून ती सापडायची नाही. रेडिओ लहरींत मात्र ती आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक.

1953 साली इंग्लंडमध्ये रॉजर जेनिसन आणि आपले मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखवून दिलं, की या लहरी मुख्यतः दीर्घिकेच्या दोन बाजूंना, तिच्यापासून खूप दूर असलेल्या दोन भागांतून येतात.

अशी रचना टिपणारी जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या पुणे रस्त्यालगतच आहे. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे पडलं की नारायणगावजवळ खोडद. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या जिद्दीतून इथे रेडिओ लहरी गोळा करणाऱ्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या. एकेकीचा व्यास 45 मीटर! तरीही 21 सेंटिमीटरच्या लहरींत एकट्या तबकडीला जवळजवळ चंद्राएवढा आकाशाचा तुकडा एकच ठिपका वाटतो. बारकावा येतो तो तबकड्यांमधल्या अंतरामुळे. हे अंतर 25 किलोमीटरपर्यंत जातं. म्हणजे एक तबकडी रामकुंडावर आणि दुसरी पार त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे. तीच लहर दोघींकडे किंचित मागेपुढे पोचते आणि तो फरक मोजला जातो. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशा त्या दूरच्या स्रोताकडे वेगवेगळ्या कोनांतून बघतात. या मोजमापांतून गणिताने चित्र उभं राहतं. त्यात चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे 900व्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो.

आणि त्या तपशिलात दीर्घिकेचा इतिहास असतो. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून निघालेले कणांचे झोत बाहेरच्या विरळ वायूवर आदळतात, तिथे टोकाला प्रखर ठिपका उजळतो. ठिपका ठळक असेल तर झोतांचा पुरवठा अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. झोत थांबले की आधी जास्त ऊर्जेचे, आखूड लहरी सोडणारे इलेक्ट्रॉन थंडावतात. जुना भाग मग लांब लहरींतच उजळ राहतो, आणि जीएमआरटीची खरी ताकद तिथेच आहे. काही दीर्घिकांत तर बाहेर अशा दोन भागांची जुनी, फिकी जोडी आणि आत नवी जोडी दिसते. कृष्णविवर मधे शांत झालं आणि पुन्हा पेटलं! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. नाशिकच्या शाळांनी मुलांना तिथे न्यायलाच हवं.