कितीतले किती? लुडोच्या फाशापासून पीक कापणीपर्यंत

नमस्कार श्रोते मंडळी.

चौघंजण लुडो खेळायला बसले की बहुतेक वेळा एकाची सोंगटी घरातच अडकून पडते, बाकीचे अर्धा पट फिरून येतात आणि ह्याला काही सहा पडत नाही. मग फासा खराब आहे, हात खराब आहे, जागा बदला, असं सगळं सुरू होतं. आज मला ह्याच प्रकारच्या, घरात-दारात येणाऱ्या गणितांबद्दल बोलायचंय, आणि फार काही नको, एकच सवय लावून घेऊया असं माझं म्हणणं आहे. कुठलाही आकडा समोर आला की पहिल्यांदा विचारायचं, कितीतले किती?

आता फाशाला सहा बाजू, त्यातली एक सहाची, पाच नाहीत. म्हणजे एका फेकीत सहा न पडायची शक्यता सहातली पाच. लागोपाठ दहा फेकींत एकदाही सहा नाही असं व्हायला पाच भागिले सहा हा आकडा दहा वेळा स्वतःशीच गुणायचा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, उत्तर येतं 16 टक्क्यांच्या जरासं वर. म्हणजे शंभर जणांनी दहा-दहा वेळा फासा टाकला तर साधारण सोळा जण कोरडेच राहणार. पण खेळायला चौघं आहेत ना! चौघांपैकी एकही कोरडा न राहण्याची शक्यता काढली तर ती भरते सुमारे 49 टक्के, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त डावांत कोणीतरी एक जण पहिल्या दहा फेकींत अडकणारच आणि फासा एकदम व्यवस्थित असणार. दहा फेकी वाया गेल्या म्हणून अकराव्या फेकीत सहा पडायची शक्यता वाढते असंही नाही, ती तेवढीच राहते, सहातली एक. हे पटायला जड जातं हे मला माहितीये, पण फाशावर मागच्या फेकींची नोंद कुठे होतच नाही, मग तो बदलणार कशाने?

ह्या हिशोबात एक युक्ती होती ती लक्षात आली का? "निदान एकदा तरी" असं विचारलं असेल तर सरळ मोजायला जाऊ नका, भलताच पसारा होतो, उलट बाजूने जा, "एकदाही नाही" किती ते काढा आणि शंभरातून वजा करा. वाढदिवसाचं प्रसिद्ध कोडं ह्याच युक्तीने सुटतं. एका खोलीत 23 माणसं असली की त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या वर जाते. लोकांना वाटतं वर्षात 365 दिवस, मग इतक्या कमी माणसांत कसं काय, पण आपण इथे माणसं मोजतोय, मोजायच्या असतात जोड्या. 23 जणांच्या जोड्या होतात 253. आपल्याकडच्या साठ मुलांच्या वर्गात 1770 जोड्या होतात आणि शक्यता 99 टक्क्यांच्याही पुढे जाते. शिक्षक मंडळी ऐकत असतील तर उद्याच वर्गात हजेरीच्या वहीवरून करून बघा, मुलांना जाम आवडतं आणि त्यातून ती स्वतःच विचारायला लागतात की सर माझ्याच तारखेचा कोणी का नाही, तर तो प्रश्न वेगळा, तिथे जोड्या फक्त एकोणसाठच.

हे मोजण्याचं शास्त्र आपल्या मातीत फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या लीलावतीत एक गणित आहे, शंकराला दहा हात आणि दहा आयुधं, पाश, अंकुश, साप, डमरू वगैरे, तर ती हातांत अदलाबदल करून किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? पहिल्या हाताला दहा पर्याय, दुसऱ्याला उरलेले नऊ, मग आठ, असं गुणत गेलात की 36,28,800 मूर्ती. आणि त्याच श्लोकात विष्णूचंही विचारलंय, गदा, चक्र, कमळ, शंख, हात चार. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, चोवीस. आता ज्यांच्या घरात संध्या होते त्यांनी आठवा, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः करत किती नावं घेतो आपण? चोवीस! ही सगळी विष्णूचीच नावं, आणि त्या चोवीस मूर्तींत आयुधांचे क्रम वेगवेगळे आहेत. मला तर ह्या गोष्टीचं राहून राहून कौतुक वाटतं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथल्या शिलालेखाची नक्की चौकशी करा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची नोंद त्यात कोरलेली आहे. लीलावतीतच सहा चवींचंही गणित आहे, गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू, ह्यातून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती प्रकार बनतील, तर प्रत्येक चव घ्यायची किंवा नाही घ्यायची असे दोनच पर्याय, दोन सहा वेळा गुणून 64, त्यातला काहीच न घातलेला एक सोडला की 63.

बरं, आता जिथे ही सवय खरोखर कामाला येते तिकडे येऊ. घरातल्या कोणाची तरी रक्ततपासणी होते, काही त्रास नसतो, चेकअपचं पॅकेज स्वस्त होतं म्हणून केलेली असते, आणि एका आजाराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. टेस्ट चांगली आहे असं सांगतात, आजार असलेल्या शंभरातले नव्वद पकडते, निरोगी शंभरातल्या फक्त पाचांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. मग सगळं घर धरून चालतं की नव्वद टक्के आजार आहेच, रात्रभर झोप नाही.

थांबा, कागद घ्या. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, कुठल्या खऱ्या टेस्टचे नाहीत. दहा हजार माणसं धरा आणि समजा हा आजार शंभरात एकाला असतो. म्हणजे दहा हजारांत आजारी शंभर, त्यातले नव्वद टेस्टने पकडले. निरोगी किती? 9,900. त्यांच्या पाच टक्के म्हणजे 495 जणांना चुकून पॉझिटिव्ह आलं. एकूण पॉझिटिव्ह 585, त्यातले खरे आजारी 90. म्हणजे जेमतेम पंधरा टक्के! टेस्ट वाईट नाही हो, निरोगी माणसांचा ढीगच इतका मोठा आहे की त्यातला छोटासा चुकीचा हिस्सासुद्धा खऱ्या आजाऱ्यांपेक्षा जास्त भरतो. नव्वद हा आकडा आजाऱ्यांमधला होता आणि आपल्याला हवा होता पॉझिटिव्हमधला. दोन्हीचे ढीग वेगळे.

पण ह्याचा अर्थ रिपोर्ट फेकून द्या असा मुळीच नाही, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. तीच टेस्ट, पण ज्यांना लक्षणं दिसतायत अशाच दहा हजार लोकांची केली आणि त्यात आजारी तीन हजार असले तर काय होईल? 2,700 बरोबर पकडले, उरलेल्या सात हजार निरोगींत 350 चुकले, आता पॉझिटिव्हमधले 88 टक्क्यांच्या वर खरंच आजारी. म्हणून डॉक्टर आधी विचारतात त्रास काय होतो, घरात कोणाला आहे का, आणि पुढची तपासणी सांगतात. त्या प्रश्नांची नीट उत्तरं द्या, त्यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो.

आता पावसाचं. रेडिओवर तुम्ही रोज ऐकता, तुरळक ठिकाणी पाऊस पडेल, काही ठिकाणी पडेल, बऱ्याच ठिकाणी पडेल. ह्या शब्दांमागे हवामान खात्याचं मोजमाप असतं, त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, पाव ते निम्म्या केंद्रांवर म्हणजे काही ठिकाणी, निम्म्यावरून पाऊण म्हणजे बऱ्याच ठिकाणी. म्हणजे तुरळक ह्याचा अर्थ कमी जोराचा असा नाही, कमी जागी असा आहे, तुमच्या वावरात धो-धो कोसळला आणि शेजारच्या गावात टिपूस नाही तरी अंदाज बरोबरच. आणि देशाचा मान्सून "सरासरीइतका" म्हणतात तेव्हा जून ते सप्टेंबर मिळून देशाची दीर्घकालीन सरासरी 87 सेंटिमीटर, तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस. सगळ्या देशाची बेरीज ती! एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ह्या दोघांची सरासरी काढून माणच्या शेतकऱ्याने पेरणी ठरवायची का?

त्याच साताऱ्याच्या दुष्काळी बाजूचं बुध गाव, तिथे 1911 साली संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला गेले. त्याआधी आपल्याकडे पिकाचा उतारा, म्हणजे शेतात पीक किती आलं, ते कसं मोजायचं ह्यावर त्यांनी फार महत्त्वाचं काम केलं. तालुक्यातली सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीवर न सोडता काही शेतं निवडायची, त्यात चौकोन आखून तेवढंच पीक कापून तोलायचं. चौकोन केवढा घ्यायचा ह्यावरून त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस छोट्या चौकोनांच्या बाजूचे, काम झटपट होतं. सुखात्म्यांनी दाखवलं की छोट्या चौकोनात उतारा वाढून येतो, कारण चौकोनाच्या दोरीवर आलेलं पिकाचं ताट आत की बाहेर असा प्रश्न पडला की कापणारा ते आतच घेतो.

हिशोब करा ना, एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनाला कड चार मीटर आणि क्षेत्र एक चौरस मीटर. दहा बाय दहाच्या चौकोनाला कड चाळीस मीटर पण क्षेत्र शंभर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे छोट्या चौकोनाला कड दहापट जास्त, चुकायला जागाही तितकीच जास्त. ज्वारीची चार ताटं जास्त आली तर छोट्या चौकोनात उतारा कुठल्या कुठे जातो, आणि उतारा जास्त दिसला की पिकाचं नुकसान कागदावर कमी दिसतं.

म्हणून शेतकरी बांधवांना माझं आवर्जून सांगणं आहे, तुमच्या गावात तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक ह्यांच्यापैकी कोणी पीक कापणी प्रयोगाला येतील तेव्हा तिथे उभे राहा. गट नंबर कसा निवडला ते विचारा, बांधाजवळचं बरं दिसणारं पीक बघून चौकोन सरकवला जात नाहीये ना ते पाहा, टेप धरून चारही बाजू आणि कर्ण मोजा, दहा बाय दहाचा चौकोन असेल तर कर्ण 14 मीटर 14 सेंटिमीटर भरला पाहिजे, आणि दोरीवरच्या ताटाचं मूळ आत आहे की बाहेर ते वाकून बघा.

नमस्कार.